रुमालाखालचा भाव

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला माझ्या शौर्याची वाट बघत बसावं लागणार नाही. कुत्रा, पाल, लिफ्ट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, यातलं काहीही मला पुरतं. कुलूप लावल्यावर ते ओढून बघते, जिना उतरते आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघते. तरीही गेल्या हिवाळ्यात मी नाशिकहून एकटी निघाले आणि निपाणी, बेळगाव करत खानापूरच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात जाऊन आले. कारण होतं एक चित्र.

काचेवरची जुनी चित्रं जमवायचा नाद मला आणि माझ्या नवऱ्याला, सुधीरला, लग्नानंतर लागला. ही चित्रं काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली असतात, आणि तीही उलट्या क्रमाने. आधी डोळ्यातली बाहुली, नथीतले मोती, मग चेहरा, मग पदर आणि सगळ्यात शेवटी मागची भिंत. चुकलं तर दुरुस्ती नाही. वर्षं जातात तसे रंगाचे पापुद्रे सुटतात आणि काच तर काय, केव्हाही फुटते. म्हणजे माझ्यासारखीने या वस्तूच्या वाटेलाच जाऊ नये. पण आवड सांगून लागत नाही.

खरेदीत आमची कामं वाटलेली होती. भाव सुधीर पाडायचा. मी मागे उभी राहून कंटाळलेला चेहरा करायचे आणि ठरलेल्या वेळी "चला हो, उशीर होतोय" म्हणायचे. तेवढं एक वाक्य मला उत्तम जमायचं. गेल्या वर्षी सुधीरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तो काठी घेऊन घरात बसला, आणि नेमका त्याच वेळी तो फोटो आला.

फोटो पाठवला होता निपाणीच्या बाळाप्पांनी. हे जनावरांच्या बाजारातले दलाल, सुधीरच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे मावसभाऊ. फोटोत एका मातीच्या भिंतीवर काचेतली बाई बसली होती. हिरवं लुगडं, हातावर पोपट, एक पाय चौरंगावर आणि चेहऱ्यावर असं काही हसू, की मी फोन पालथा ठेवला आणि पुन्हा उचलला. असं चित्र दुकानात येत नाही. घरातून दुकानात येईपर्यंत त्याचा रंग तरी उडतो किंवा त्याचा भाव तरी आमच्यासारख्यांच्या हाताबाहेर जातो. बाळाप्पांनी खाली लिहिलं होतं, कोल्हापूरचा एक व्यापारी बघून गेलाय, घाई करा.

"तू जा," सुधीर म्हणाला. "आणि पहिला आकडा ऐकून हो म्हणू नकोस. तसं केलंस तर मी दार उघडणार नाही."

"तुला उठताच येत नाही, तू काय दार उघडणार," मी म्हणाले. पण आमची बचत किती हे मला माहीत होतं. भाव पडला नाही तर चित्र व्यापाऱ्याकडे जाणार होतं, आणि तो पाडायचा होता मी.

निपाणी

कोल्हापूरहून कर्नाटकच्या तांबड्या बसमध्ये बसले. कागल मागे पडलं आणि पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. मला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. टीव्हीवर सीमाभागाच्या बातम्या बघून बघून मी मनात ठरवूनच गेले होते, की तिकडे तोंडच उघडायचं नाही. कंडक्टर आला तेव्हा मी नुसता पैशाचा हात पुढे केला. तो कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. मी हिंदीत "निपाणी" म्हणाले, जसं काही निपाणीला हिंदीत वेगळं नाव आहे.

"मराठी येतंय न्हवं तुम्हास्नी? मग बोला की," तो म्हणाला. "हितं समदं चालतंय."

शेजारची म्हातारी हसली. तिने मला पेरू दिला. अनोळखी माणसाने प्रवासात दिलेलं खाऊ नये हे लहानपणापासून बजावलेलं, म्हणून मी तो पर्समध्ये ठेवला, आणि तिला वाईट वाटलं असेल का या काळजीत निपाणी आलं.

स्टँडवर उतरल्याबरोबर तंबाखूचा वास नाकात शिरला. वखारी जवळ असाव्यात. मी शिंकत शिंकतच बाजाराकडे गेले. बाळाप्पा सांगितल्याप्रमाणे कडुलिंबाखाली उभे होते. साठीचे, बारीक अंगाचे, पांढरी विजार आणि खांद्यावर भलामोठा तांबडा रुमाल. बैलांच्या शिंगांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचायला मला बराच वेळ लागला, कारण मी प्रत्येक बैलाला आधी जाऊ दिलं.

"बाई, ती बांधलेली हाईत," बाळाप्पा म्हणाले.

त्यांचा एक सौदा चालला होता, तो मी बघितला. घेणारा बैलाभोवती फिरून खोड काढत होता, म्हणजे दोष सांगत होता. खूर वाकडा आहे, दात पडलेत, डोळ्याला पाणी येतंय. मग घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने हातात हात दिले, बाळाप्पांनी वरून रुमाल टाकला, आणि सगळं गप्प झालं. दोघं दोन दिशांना बघत होते. रुमाल मात्र हलत होता. थोड्या वेळाने हात सुटले, विकणाऱ्याने "दिला" म्हटलं आणि बैल निघाला. भाव काय झाला हे त्या दोघांखेरीज कुणालाच कळलं नाही.

चहा पिताना बाळाप्पांनी आपल्याच दोन हातांनी मला शिकवलं. एका बोटाची किंमत काय, ते आधी तोंडाने ठरवायचं. मग रुमालाखाली समोरच्याची जितकी बोटं धराल तितका तुमचा आकडा. सगळा पंजा धरला तर पाच, दोनदा धरला तर दहा.

"तोंडानं का नाही बोलत?" मी विचारलं.

"तोंडानं बोललं की चार लोक ऐकत्यात. लोकांनी ऐकलं की माणूस हट्टाला पेटतंय, माघार घ्यायला लाजतंय. हाताला कसली लाज? सौदा तुटला तरी कुणाचं नाक कापलं जात न्हाय."

आमच्या भांडेवाल्या गल्लीत तर पाच माणसं गोळा झाल्याशिवाय घासाघीस रंगत नाही. मला ही गप्प राहून सौदा करायची पद्धत फार सभ्य वाटली. तेवढ्यात ते म्हणाले, "उद्या तुमचा सौदा बी असाच हुणार."

"चित्राचा?"

"ज्याच्या घरात हाय त्यो परशराम म्हटला, बैल इकतो तसंच इकणार. त्याला दुसरं इकायचं ठावंच न्हाय. तुम्ही फकस्त आधी खोड काढायची. मग भाव उतरतोय."

मी परशराम नावाच्या न पाहिलेल्या माणसाचा पंजा डोळ्यांपुढे आणला. रुमालाखाली परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा, चुकून एखादं बोट जास्त दाबलं गेलं तर तोच भाव, आणि मागे "चला हो" म्हणायला कुणी नाही. मी अर्धा चहा तसाच ठेवला.

वडगाव

बेळगावला लॉजच्या खोलीत मी दाराला खुर्ची लावून झोपले. कुंदा घेऊन ठेवला होता, तो अर्धा त्याच रात्री संपवला. भीती वाटली की मला गोड लागतं.

खानापूरला जायची गाडी बाळाप्पा दुपारी आणणार होते. सकाळ मोकळी होती. लॉजच्या मालकाने सांगितलं होतं की शहराला लागूनच असलेल्या वडगावात एका विणकराकडे काचेतला बाळकृष्ण आहे. म्हटलं, मोठ्या सौद्याआधी एक छोटा करून बघू, हात साफ होईल.

वडगावात घराघरांत माग आहेत. गल्लीत शिरल्यापासून खटाखट खटाखट इतका आवाज, की स्वतःची चप्पलही ऐकू येत नव्हती. विणकर आजोबांनी यंत्रमाग चालू ठेवूनच मला बाळकृष्ण दाखवला. मी काचेवरून बोट फिरवत होते, ते ओरडून भाव सांगत होते, मी ओरडून कमी करा म्हणत होते. त्यांना ऐकू जाईना, मला ऐकू येईना. शेवटी मी सगळा धीर एकवटून बेंबीच्या देठापासून ओरडले, "एवढे पैसे मी मेले तरी देणार नाही!"

आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले आणि माझं वाक्य शेवटच्या घरापर्यंत पोचलं. दारादारांतून माणसं डोकावली. आजोबांनी शांतपणे बाळकृष्ण उचलून कपाटात ठेवला. "मरू नका, बाई," ते म्हणाले. "चहा घ्या."

चहा पिताना त्यांनीच सांगितलं, की तो छापील कागद होता, काचेला मागून चिकटवलेला. म्हणजे मला अस्सल-नक्कलही कळलं नव्हतं आणि भावही पाडता आला नव्हता. दुपारच्या गाडीत मी बसले ती आधीच हरलेली.

खानापूरच्या पुढे

खानापूर सोडलं तशी घरं कमी आणि झाडं जास्त झाली. भातकापणी होऊन गेली होती. शेतात नुसते बुडखे आणि मधूनच पेंढ्याचे ढीग. एका वळणावर गव्याचं चित्र असलेली वन खात्याची पाटी होती. मी काच वर केली.

"गवा दिवसाचा येत न्हाय," बाळाप्पा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "कवा कवा येतंय."

परशरामचं घर गावाच्या टोकाला होतं. तो शेतातूनच आला, हातात विळा. आडवा बांधा, मिशा आणि बोलण्याआधी माणसाकडे नुसतं बघत राहायची सवय. त्याने विळा वळचणीला खोचला तेव्हा कुठे मागे सरकलेली मी पुढे आले. त्याची बायको रेणुका पाणी घेऊन आली. पंचेचाळिशीची, हात धुण्याच्या पाण्याने ओले. मला ती लगेच आक्का म्हणू लागली. उप्पीट झालं, वर दही, शेंगाचटणी. इकडच्या उप्पिटात खोबरं सढळ असतं, आमच्यासारखं चिमटीने नाही. मला दोनदा वाढलं तिने, पण माझ्या ताटाकडे बघत नव्हती. माझ्या पर्सकडे बघत होती.

परशरामने विकण्याचं कारण आपणहून सांगितलं. बेळगावजवळ पिरनवाडीला घर बांधलंय, पोरं तिथेच नोकरीला आहेत, पाडव्याला सगळे तिकडे जाणार. "पोरांनी भिंती गुळगुळीत करून घेतल्यात. खिळा मारायचा न्हाय म्हंत्यात. असलं जुनं तिथं कुठं टांगायचं?"

चित्र आतल्या खोलीत होतं, भाताच्या कणगीच्या वर. बाळाप्पांनी दार पुरतं उघडलं आणि उजेड काचेवर पडला. फोटोत काहीच आलं नव्हतं. पोपटाच्या चोचीला सोन्याचा वर्ख होता. चौरंगावरच्या पायात जोडवी होती आणि प्रत्येक जोडव्यावर प्रकाशाचा एक पांढरा ठिपका. ही आता दुसऱ्या कुणाला मिळाली तर, या विचाराने मी दोन पावलं पुढे सरकले. काचेवर, बाईच्या कपाळापाशी, बाहेरून लावलेल्या कुंकवाचा ओलसर ठिपका होता. काच पुसून घ्यावी लागेल एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

"खोड काढा," बाळाप्पा कानाशी पुटपुटले.

मी घसा साफ केला. "इथे खालच्या कोपऱ्यात रंग सुटलाय."

"व्हय, सुटलाय," रेणुका म्हणाली. "वरच्या अंगाला बी बघा, शेपटीजवळ. पावसाळ्यात लई सुटतंय."

मी जरा थबकले. "चौकट मूळची दिसत नाही."

"वाळवी लागलती. परत लागंल."

"काच जरा पिवळी वाटते."

"पिवळीच हाय. आन पातळ बी हाय, आक्का. नुसता हात लागला तर चीर पडंल."

परशराम खाकरला. मी चकित झाले होते. विकणारीच खोड काढते, असं मी जन्मात बघितलं नव्हतं. वाटलं, साधी बाई आहे, खरं ते बोलते. मनात हिशेब सुरूही झाला, की असं असेल तर भाव सहज पडेल.

मग आम्ही बाहेरच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, घोंगडीवर बसलो. एका बोटाची किंमत परशरामने ठरवली. ती मी इथे सांगत नाही. रुमालाखालचं बाहेर काढायचं नसतं. माझी ऐपत तीन बोटांची होती आणि फारच ताणलं तर चार. परशरामने हात पुढे केला. माझा हात मांडीवरच राहिला.

"थांब," बाळाप्पा त्याला म्हणाले. "माल कुणाचा?"

"घरातला."

"घरात आला कुठनं?"

"हिनं आणलाय, म्हायेरास्नं. लग्नात."

"मग हात तिचा. ज्याचा माल त्याचा हात. बाजारात मी कधी मोडलं न्हाय, हितं बी मोडणार न्हाय."

"बायका कवा बसत्यात रुमालाला?"

"घेणारी बाईच हाय की. बरंच झालं."

परशराम बायकोकडे नुसतं बघत राहिला, मग सरकला. तोंडाने काही म्हणाला नाही, पण तिला बोट दाखवून दटावलं. पाचाच्या खाली यायचं नाही, असंच त्याला म्हणायचं असावं असं मला वाटलं. रेणुका पदर सावरून समोर बसली. मला हायसं वाटलं. तिने हात दिला, वरून तांबडा रुमाल पडला, आणि परशराम खांबाला टेकून आमच्या तोंडांकडे बघत उभा राहिला.

मी तिची दोन बोटं धरली.

तिने माझा पंजा धरला. सोडला. पुन्हा धरला. दहा.

मला वाटलं तिला पद्धत कळली नसावी. मी तीन बोटं धरली, नीट, सावकाश. तिने पंजा धरला, सोडला, धरला, सोडला, पुन्हा धरला. पंधरा. मी एकेक बोट वाढवावं तसा तिचाही आकडा चढत होता. मी खालमानेने तिच्याकडे बघितलं. चेहरा देवळात बसल्यासारखा शांत, नजर घोंगडीवर. मी चौथं बोट धरलं. यानंतर तिने मोजणं सोडून दिलं. माझा हात मनगटाजवळ घट्ट पकडला आणि तशीच राहिली.

तेव्हा मला सगळं कळलं. तोंडाने ती चित्राला टाकाऊ ठरवत होती आणि बोटांनी त्याला कुणालाच परवडणार नाही असा भाव सांगत होती. दोन्ही वेळा एकच मागत होती, की आक्का, नेऊ नका. नवऱ्यापुढे म्हणायची सोय नव्हती. चित्रातल्या कपाळावरचं ओलं कुंकू आजचंच होतं, तिने लावलेलं.

मी फार घाबरले. आयुष्यभर मी स्वतःसाठी घाबरत आले आहे, पण ही भीती तिच्यासाठी होती. हिने काय मागितलं हे त्या खांबाजवळच्या माणसाला कळलं तर? मी हात काढून घेतला तर तो स्वतः बसेल आणि सौदा दोन मिनिटांत होईल. नाही झाला तर कोल्हापूरवाला आहेच. आणि लपवत नाही, मला ते चित्र हवं होतं. अजूनही हवं होतं.

"लई येळ लागलाय," परशराम म्हणाला.

सौदा असा तोडायचा की पुन्हा जुळूच नये, एवढं एकच मला सुचलं. मी तिची करंगळी धरली. एकच बोट. असल्या चित्राला एवढं देणं म्हणजे घरच्यांचा अपमान. तिने पहिल्यांदाच मान वर केली आणि माझा हात सोडला.

बाळाप्पांनी रुमाल उचलला. "तुटला?"

"तुटला," मी म्हणाले.

"कितीवर?" परशरामने विचारलं.

"ते इचारायचं नसतंय, परशराम."

"माझ्या घरात मी इचारणार." तो बायकोकडे वळला. "तू किती मागितलंस?"

रेणुकाने हात पदरात गुंडाळला. तो पुढे एक पाऊल आला आणि माझ्या तोंडातून शब्द कसे निघाले मला माहीत नाही. "त्यांनी रास्तच मागितलं. माझाच आकडा कमी होता. मी एक बोट दिलं. एकच."

आता हा माणूस माझी पर्स अंगणात फेकणार, अशी माझी खात्री होती. मी चपला कुठे काढल्यात ते नजरेने शोधून ठेवलं. पण परशराम बाहेर गेला. हंड्यातलं पाणी पायावर ओतून घेतल्याचा आवाज आला. मग तो पाय पुसत आत आला आणि म्हणाला, "दिलं."

"काय?"

"एका बोटाला दिलं. कोल्हापूरवाला अर्ध्या बोटावर अडलता."

सुधीरने इतक्या वर्षांत कधी एवढा भाव पाडला नव्हता. मी मात्र पर्सला हात लावला नाही. विकणाऱ्याने दिलं म्हटलं की झालं, मागे फिरायचं नाही, हे मी आदल्याच दिवशी निपाणीत बघितलं होतं. रेणुका उठली, आत गेली, आणि कणगीवर चढून चित्राला हात घातला. "पुसून देतो, आक्का," ती म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. आवाज साधाच होता. तो ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काढू नका," मी म्हणाले. "मी नेणार नाही."

"मग घेतलं कशाला?" परशराम म्हणाला.

"पैसे आत्ता देते. पण नेणार नाही. मला भीती वाटते." एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. बस गचके देते, स्टँडवर माणसं ढकलतात, रेल्वेत वरून बॅग पडते, घरी पोचेपर्यंत माझ्या मांडीवर नुसत्या काचा असतील. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मला बैलांना वाट देताना बाळाप्पांनी बघितलं होतं, विळा बघून मागे सरकताना परशरामने बघितलं होतं. माझ्या भीतीवर कुणीही शंका घेतली नाही.

बाळाप्पा रुमालाची घडी घालत होते. ते काय समजले आणि काय नाही, मला अजून कळलेलं नाही. "त्यात काय," ते म्हणाले. "बैल घेत्यात आन चारा न्हाय म्हणून इकणाऱ्याच्याच गोठ्यात ठेवत्यात. माल बाईंचा, राखण तुमची. बैलाला चारा तरी लागतोय, हिला काय लागतंय?"

"आन आम्ही पिरनवाडीला गेल्यावर?"

"संगट न्यायचं. मोकळ्या घरात कसं ठेवशील? परक्याचा माल हाय आता, परशराम. फुटला तर भरून द्यायला लागंल."

परशराम आतल्या खोलीच्या दारात गेला. लग्नापासून भिंतीवर असलेलं ते चित्र तो नवं काही असल्यासारखं बघत होता. "तिथं खिळा मारू देणार न्हाईत पोरं," तो म्हणाला.

"त्यास्नी सांग, परक्याचं हाय म्हणून."

मी पैसे दिले. निघताना परशरामने नव्या भाताच्या तांदळाची पिशवी गाडीत ठेवली आणि "भिऊ नका, जपतो," म्हणाला. रेणुका दारात उभी होती. ती आभार वगैरे मानायला पुढे आली नाही आणि मलाही तिच्याकडे नीट बघवलं नाही, कारण बघितलं असतं तर मला रडू आलं असतं आणि सगळं उघडं पडलं असतं. खानापूर आलं. मग बाळाप्पा म्हणाले, "दलाली मात्र पुरी घेणार बरं का, बाई."

घरी

"कितीपर्यंत आणलंस?" सुधीरने दार उघडता उघडता विचारलं. काठी टाकून तो चालायला लागला होता.

"एका बोटावर."

बोटाचा हिशेब त्याला मी फोनवर सांगितला होताच. तो माझ्याकडे कौतुकाने बघत राहिला. "शाबास. दाखव."

"आणलं नाही."

मग सगळं सांगावं लागलं. तो बराच वेळ गुडघा चोळत बसला. मला वाटलं आता चिडणार. "पावती तरी घेतलीस का?" एवढंच त्याने विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर तांदूळ धुवायला घेतले.

तेव्हापासून मोबाईलवर अनोळखी नंबर आला की मी पूर्वीपेक्षा जास्त घाबरते. कुणीतरी गाडीत घालून चित्र दाराशी आणून ठेवेल, किंवा फुटल्याची बातमी येईल, किंवा त्या दुपारी रुमालाखाली काय झालं ते परशरामला कळल्याचं समजेल. बाळाप्पांना विचारायचं धाडस होत नाही.

पाडवा होऊन गेल्यावर एका सकाळी फोन वाजला. परशराम होता. पिरनवाडीच्या घरातून बोलत होता आणि त्याला अभिमानाने सांगायचं होतं, की त्याने पोरांचं ऐकलं नाही. दुकानातून ड्रिल मशीन भाड्याने आणलं, बसायच्या खोलीत मधोमध जागा धरली, ऊन लागू नये म्हणून खिडकीला पडदा केला, आणि गल्लीतल्या लहान मुलांना त्या भिंतीपाशी चेंडू खेळायची बंदी केली. "परक्याची वस्तू, बाई. जपायला लागतंय," तो म्हणाला. "ही तर समोरनं हलतच न्हाय, रोज पुसती." मग त्याने फोन बायकोकडे दिला. "इचार, न्यायला कधी येणार."

"आक्का, कधी येताय न्यायला?" रेणुकाने मोठ्याने विचारलं, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला नीट ऐकू जावं असं.

पलीकडे पावलं दूर गेली, दार लागल्याचा आवाज आला. मग ती अगदी हळू म्हणाली, "रस्ता लई खराब झालाय, आक्का. गडबड करू नका."